आवाजाला तारीख हवी

फेब्रुवारी सरत आला की कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतोच, ‘कोकिळा आली!’ सोबत दहा-बारा सेकंदांची ध्वनिफीत. तीत मोटारसायकल असते, कुकरची शिट्टी असते आणि त्यातून वाट काढत आलेली एक कुहू असते. पाठवणाऱ्याचा आनंद खरा असतो, पण निरोपातले दोन्ही शब्द चुकलेले असतात. कुहू करतो तो नर. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा कर्कश. शिवाय तो कुठून आलेला नसतो. सातारा-सांगलीकडे कोकीळ थंडीतही असतो. वडा-पिंपळाच्या पानांत बसून फळं खात असतो, फक्त बोलत नाही. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, विणीचा हंगाम जवळ येतो आणि त्याला कंठ फुटतो. एप्रिल-मेमध्ये कावळे घरटी बांधायला लागले की मग तर त्याला उसंतच नसते, कारण त्याच्या मादीची अंडी त्याच घरट्यांत जायची असतात.

म्हणजे त्या ध्वनिफितीत एक नेमकी बातमी होती: अमुक गावात, अमुक तारखेला, कोकीळ बोलायला लागला. फॉरवर्ड होता होता गाव आणि तारीख गळून जाते. निसर्गाचे आवाज टिपण्याच्या छंदात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते हेच. यंत्र कुठलं घेतलं हा प्रश्न फार नंतरचा. आवाजाला तारीख, वेळ आणि जागा चिकटलेली असेल तर दारातल्या साळुंकीचा कलकलाटही कामाचा. नसेल, तर दुर्मीळ घुबडाचा घुत्कारसुद्धा रिंगटोनच्या लायकीचा.

दोन छंद, एक वही

ऋतूंच्या तारखा लिहून ठेवणं हा आवाज टिपण्यापेक्षा कितीतरी जुना उद्योग आहे. जपानात क्योतोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात, दरबारी रोजनिश्यांतून. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये पहिलं फूल, पहिलं पान, बेडकाची पहिली हाक अशा तारखा लिहायला घेतल्या आणि त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवलं. या अभ्यासाला शास्त्रात फिनॉलॉजी म्हणतात. हवामान किती सरकलं हे तपासायला आज शास्त्रज्ञ अशाच वह्या उघडतात. लिहिणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांना फक्त लिहायची सवय होती.

आवाज पकडणारं यंत्र यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, एका पाळीव पक्ष्याचं गाणं उतरवलं. पक्ष्याच्या आवाजाचं ते माहीत असलेलं सर्वांत जुनं रेकॉर्डिंग. आणि तो पक्षी होता शामा, आपल्या भारतातल्या दाट जंगलांत राहणारा.

आपल्या शेतकऱ्याला हे काम नवं नाही. मृगाचा किडा, म्हणजे पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा तो मखमली लाल जीव, याच्या नावातच तारीख आहे. आणि इथे एक बारकावा आहे. नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य रोहिणीत जातो २५ मेच्या सुमारास आणि मृगात ७ किंवा ८ जूनला, दरवर्षी. तिथ्या मात्र चंद्रावर चालतात आणि अधिक महिन्यामुळे मागेपुढे होतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. ‘पाडव्याला लिंबाला फुलोरा होता’ ही नोंद दोन वर्षांत ताडून पाहिली तर अठरा दिवसांचा घोळ होतो. ‘मृग निघाला तेव्हा बेडूक ओरडले’ ही नोंद मात्र टिकते. तेव्हा वहीत इंग्रजी तारीख आधी लिहा, शेजारी नक्षत्र लिहिलंत तर उत्तमच. सणावरून तारीख ठरवू नका.

तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराची डायरी उघडून बघा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, छाटणीनंतर कितव्या दिवशी पोंगा, कितव्या दिवशी फुलोरा, त्या दिवशी ढग होते की दव. तारीख, जागा आणि अवस्था हे तिन्ही तिच्यात असतं. ज्याच्या घरात अशी डायरी आहे त्याला निसर्गनोंद वेगळी शिकवायला नको. बागेच्या बांधावरच्या झाडापर्यंत तिची एक ओळ वाढवायची, इतकंच.

जिल्हा एक, पाऊस दोन टोकांचे

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. एसटीने अर्ध्या दिवसात हे अंतर कापता येतं. सांगलीतही तसंच: पश्चिमेला शिराळ्याची, चांदोलीची ओली झाडी, पूर्वेला जत-आटपाडीचे माळ. त्यामुळे ‘साताऱ्यात पावशा कधी बोलायला लागतो?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. मेढ्याचं वेगळं, दहिवडीचं वेगळं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक जीव ऋतू ओळखायला वेगळी खूण वापरतो. बऱ्याच पक्ष्यांना दिवसाची लांबी सांगते. ती एका अक्षांशावर दरवर्षी सारखीच असते, म्हणून त्यांच्या तारखा फार हलत नाहीत. किडे बहुतांशी तापमानावर चालतात. बेडकांना हवा असतो प्रत्यक्ष पाऊस, नुसतं आभाळ येऊन चालत नाही. झाडांमध्ये कुणी ओलीवर, कुणी उष्णतेवर. एरवी या सगळ्या खुणा जुळून येतात आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा अळ्या भरपूर असतात. पाऊस तीन आठवडे लांबला की दिवसाच्या लांबीवर चालणारा पक्षी वेळेवर तयार असतो आणि त्याचं अन्न मात्र आलेलं नसतं. ही फारकत कुठल्या गावात किती, हे उपग्रहाला दिसत नाही. ते बांधावरून ऐकावं लागतं.

यंत्र काय पकडतं

माणसाला २० ते २०,००० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, आवाज ऐकू येतात असं पुस्तकात असतं. ते कोवळ्या कानांचं गणित. वय वाढतं तसा वरचा भाग आधी जातो. नातवाला ऐकू येणारा एखादा बारीक किडा आजोबांना ऐकूच येत नाही, आणि आजोबांना वाटतं की हल्ली किडे कमी झाले. रेकॉर्डर म्हातारा होत नाही, हा त्याचा एक मोठा गुण.

डिजिटल रेकॉर्डर हवेच्या दाबाची सेकंदाला हजारो वेळा मोजणी करतो. जितक्या वेळा मोजणी, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज नीट पकडता येतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या ठेवल्या तर २४,००० हर्ट्झपर्यंत. पक्षी, बेडूक, बहुतेक रातकिडे त्यात आरामात बसतात, कारण पक्ष्यांचं बहुतांश गाणं १,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान असतं. संध्याकाळी दिव्याभोवती फिरणाऱ्या पाकोळ्यांचे, म्हणजे कीटक खाणाऱ्या लहान वटवाघळांचे आवाज मात्र चाळीस-पन्नास हजारांवरही असतात. त्याला सेकंदाला दोन-अडीच लाख मोजण्या करणारं वेगळं यंत्र लागतं. वडावर उलटी टांगलेली मोठी फळखाऊ वटवाघळं नाक-घशातून असे आवाज काढून वाट शोधत नाहीत, डोळ्यांनी बघतात. त्यांची भांडणं साध्या फोनवर टिपता येतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात.

सुरुवातीला फोन पुरतो. अडचण एवढीच, की तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. लांबचा आवाज आपोआप मोठा करणं, मागचा ‘गोंगाट’ पुसणं, हे तो न विचारता करतो, आणि त्याच्या लेखी पक्षी हा गोंगाटच. म्हणून ही आपोआप होणारी सफाई बंद करू देणारं आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे आवाजातलं काही न गाळता, साठवणारं रेकॉर्डिंग ॲप घ्यावं. एमपीथ्री माणसाच्या कानाला जाणवणार नाही असा भाग फेकून देऊन फाईल लहान करतं. गाणी ऐकायला ते ठीक, अभ्यासाला नाही. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट तर त्याहून आवळलेली. डब्ल्यूएव्हीची जागा फार लागते ही तक्रार खरी आहे, पण हिशेब करा. ४८,००० मोजण्या, २४ बिट, एक माईक, म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. रोज पाच मिनिटं वर्षभर केली तरी सोळा जीबीच्या आत. लग्नाच्या व्हिडिओला याहून जास्त जागा जाते.

खरा फरक अंतराने पडतो. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. वीस मीटरवरून पाचवर आलात तर बारा डेसिबल, फुकटात. म्हणून महागडा माईक घेण्याआधी बसायला शिका. पक्षी जिथे रोज येतो ती फांदी हेरा, आधी जाऊन बसा, त्याला येऊ द्या. पाठलाग केला की रेकॉर्डिंगमध्ये पाचोळा जास्त येतो.

काही जण आवाज गोळा करायला माईकमागे तबकडी लावतात. तिचाही एक नियम आहे. तबकडीपेक्षा लहान लहरीच ती नीट गोळा करते. १,००० हर्ट्झची लहर सुमारे ३४ सेंटीमीटर असते, म्हणून त्याहून वरच्या सुरांत गाणाऱ्या शिंपी, वटवट्या, दयाळ यांना अर्ध्या मीटरची तबकडी छान पकडते. शृंगी घुबडाचा खर्ज तीनेकशे हर्ट्झच्या आसपास असेल तर लहर मीटरभराची होते, तिथे अर्ध्या मीटरच्या तबकडीचा उपयोग जवळजवळ शून्य.

आवाजाची पातळी जरा कमीच ठेवा. रेकॉर्डरवर शून्य डेसिबल ही वरची हद्द असते. सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास गेला तर बरं. टिटवी अचानक डोक्यावरून ओरडत गेली आणि पातळी शून्याला भिडली, की लहरींची टोकं छाटली जातात आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला खरी परत आणता येत नाहीत. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी लागतेच. चाळकेवाडीच्या पठारावर मात्र टोपीचाही भरवसा धरू नका. तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

पहाटेचं एक भौतिकशास्त्र आहे, त्यावर जरा थांबू. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो. त्यामुळे वर जाणारी लहर पुन्हा जमिनीकडे वाकते. दिवसा जमीन तापली की उलट होतं आणि आवाज वर निघून जातो. कृष्णाकाठी थंडीच्या पहाटे लांबच्या साखर कारखान्याचा भोंगा अंगणात वाजल्यासारखा का ऐकू येतो, याचं कारण हे. पक्ष्यांनाही याचा फायदा मिळतो: वारा पडलेला, किडे शोधायला उजेड अपुरा, आणि आवाज लांब पोहोचणारा. हद्द सांगायला याहून चांगली वेळ नाही. पण पुणे-बंगळूर महामार्गाची घरघरही त्याच वाटेने येते. ती खालच्या पट्टीत असते, त्यामुळे रेकॉर्डरवर ‘लो कट’चं बटण असेल तर चालू करावं, घुबडाच्या मागे असाल तर करू नये. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवर वाजणाऱ्या गाण्यांवर मात्र कुठलंही बटण चालत नाही, कारण ती सगळ्याच पट्ट्यांत असतात. मी ती पुसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाणी सुरू होणं आणि मार्चच्या सुमारास थांबणं हासुद्धा या मुलखाचा ऋतूच आहे.

वर्षभर काय ऐकायचं

उन्हाळा शिगेला पोहोचला की पावशा. त्याचं ‘पेरते व्हा’ दिवसा तर असतंच, चांदण्या रात्रीही थांबत नाही, आणि दर फेरीला चढत जातं. तो कोकिळासारखाच, थंडीत गप्प. मे-जूनच्या संधीवर ओढ्याकाठच्या झाडीत नवरंग दोन सुरांची शीळ घालतो, सकाळी लवकर आणि सांजेला. हा मात्र खरोखर येणारा, इथे वीण करायला. त्याच सुमारास मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक उतरतो. या दोघांची तारीख म्हणजे आगमनाची तारीख, पावशाची तारीख म्हणजे बोलण्याची तारीख. वहीत हा फरक ठेवा. ‘ऐकला’ आणि ‘दिसला’ यांचे रकाने वेगळे हवेत.

पहिला मोठा पाऊस झाला की त्या रात्री झोप विसरायची. शेतात पाणी तुंबलं की बुलफ्रॉगचे नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि डराव-डराव सुरू होतं. हा गोंधळ काही थोड्या रात्रींचाच असतो. बेडूक ओरडताना तोंड बंद असतं. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रावरून तोंडात आणि गळ्याच्या पिशवीत जाते, तिथून परत फुप्फुसात. तीच हवा पुन्हा पुन्हा वापरली जाते, म्हणून तो इतका वेळ थांबत नाही. कोयनेच्या परिसरात एक छोटा भेक आहे ज्याच्या शास्त्रीय नावातच कोयना आहे. १९६३ मध्ये त्याची नोंद झाली, आणि आज तो धोक्यातल्या जातींत गणला जातो. अशा जीवाच्या आवाजाची तारीखवार नोंद ही नुसत्या हौसेच्या पुढची गोष्ट आहे.

जून ते ऑगस्ट ठोसेघर, महाबळेश्वर, कोयनेच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तुराचं राज्य. एखादा पोरगा सूर आठवत रमतगमत शीळ घालतोय असं वाटतं. पक्ष्यांचं स्वरयंत्र श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे असतं आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. म्हणून त्यांना एका वेळी दोन सूर काढता येतात. धबधब्याजवळ रेकॉर्ड करायला जाऊ नका, पाण्याचा आवाज सगळ्या पट्ट्या भरून टाकतो. ओढ्याच्या वळणाआड, दरडीच्या आडोशाला उभे राहा.

ऑगस्ट-सप्टेंबरात कासला डोळ्यांची चंगळ असते. तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवं, साताऱ्याचंच नाव लावणारा वायतुरा. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला त्यात कास आहे, तेव्हापासून गर्दीही वारसा मिळाल्यासारखी वाढली. फुलांच्या तारखा टिपताना टोपली कारवी विसरू नका. ती सात वर्षांनी फुलते. तिच्या नोंदीतून काही निष्कर्ष काढायचा तर एका माणसाचं आयुष्य तोकडं पडतं. ही वही मुलीकडे द्यावी लागते.

पाऊस ओसरला की रातकिड्यांचे महिने. नर पंखावर पंख घासतो, आणि थंड रक्ताचा असल्याने गारठा वाढला की त्याचा वेग मंदावतो. अमेरिकेतल्या आमोस डॉल्बेअर या भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये किड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. ते तिथल्या किड्याचं, आपल्याकडे जसंच्या तसं चालणार नाही. पण अंगणातला एक ठरावीक किडा आणि एक थर्मामीटर घेऊन स्वतःचं सूत्र काढता येतं. शाळकरी मुलांना प्रयोग म्हणून द्यायला मला याहून चांगलं काही माहीत नाही.

सप्टेंबरनंतर पाहुणे. करडा धोबी आला की ओढ्यावर त्याची तीक्ष्ण ‘चिट्-चिट्’ ऐकू येते. मायणी, येरळवाडीच्या पाण्यावर चक्रवाक आणि पट्टकादंब. जत, आटपाडी, माणात ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस फुलले की त्याच भोरड्या मध प्यायला झाडांवर येऊन अखंड चिवचिवाट करतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात. एकाच रेकॉर्डिंगमध्ये झाडाचा फुलोरा आणि पक्ष्याचा मुक्काम, दोन्हींची तारीख मिळते. तोवर दयाळ गायला लागलेला असतो, तांबटाचं टुक्-टुक् दुपारभर चालू असतं, आणि वर्ष पुन्हा पावशापाशी येतं.

पहिल्या तारखेचा मोह

सांगलीकरांना पावसाळ्यात एक आकडा रोज माहीत असतो, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली हे पोरंसोरंही सांगतात. त्या आकड्याला अर्थ आहे तो पूल एकच आहे आणि मोजपट्टी तीच आहे म्हणून. आज हरिपूरला, उद्या डिग्रजला, मनाला येईल तेव्हा मोजलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? आवाजाचंही तसंच. एक जागा ठरवा. घराची गच्ची, सांगलीतली आमराई, कराडचा प्रीतिसंगम, अजिंक्यताऱ्याचा पायथा, काहीही. वेळ ठरवा, उदाहरणार्थ सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने पाच मिनिटं. फोन त्याच कठड्यावर, त्याच दिशेला. बाकी भटकंती करून काय टिपायचं ते टिपा, पण ही पाच मिनिटं चुकवू नका.

‘पहिली कुहू’ लिहायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ती लिहावीच. पण ती तारीख फसवी असते. ऐकणारे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे येते. एका गावात एक जण कान देत होता तेव्हा पहिली कुहू १ मार्चला ऐकू आली. दहा जण कान द्यायला लागले तर २२ फेब्रुवारीला येईल. कोकीळ लवकर बोलला नाही, कान वाढले. म्हणून जास्त भरवशाची नोंद वेगळी: फेब्रुवारीत किती सकाळी ऐकल्या आणि त्यांतल्या कितींत कोकीळ होता? वीसपैकी चार की वीसपैकी अकरा? या प्रमाणावर वर्षांची तुलना करता येते.

त्यासाठी न ऐकू आलेलंही लिहावं लागतं. ‘आज पावशा नाही’ हे वाक्य लिहिताना वेड्यासारखं वाटतं. पण ते लिहिलं नाही तर नंतर वही उघडणाऱ्याला कळत नाही की पावशा नव्हता, की तुम्हीच झोपला होता.

झाडांसाठी सीझनवॉच या भारतीय उपक्रमाची पद्धत सोपी आणि चांगली आहे. एक ठरावीक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा त्याच्यापाशी जायचं आणि पालवी, फुलं, फळं यांपुढे काहीच नाही, थोडी, पुष्कळ, एवढंच लिहायचं. रस्त्यावरचे सगळे बहावे बघून ‘बहावा फुलला’ लिहू नका. तुमचा बहावा फुलला का, तेवढं लिहा.

आवाज संपवताना रेकॉर्डर बंद करण्याआधी स्वतः बोला: तारीख, वेळ, गाव, किती अंतरावर, कुठल्या झाडावर, पक्षी दिसला की नुसता ऐकला, काय करत होता. मराठीतच बोला. सुरुवातीला बोललात तर पक्षी उडतो. फाईलचं नाव बदलताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे संगणकात त्या आपोआप ओळीने लागतात.

ओळख पटवताना

आवाज कुणाचा हे सांगणारी ॲप्स आता फुकट मिळतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन आहे, त्याच प्रयोगशाळेने जर्मनीतल्या केम्निट्झ विद्यापीठाबरोबर केलेलं बर्डनेट आहे. दोन्ही आवाजाचं चित्र बनवतात, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर सूर, आणि ते चित्र शिकवलेल्या चित्रांशी ताडून बघतात. चित्र तुम्हीही वाचायला शिका. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात ते दिसतं. महिनाभरात शिंपी आणि राखी वटवट्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात.

ॲपचं म्हणणं ही सूचना समजा, निकाल नव्हे. कोयनेच्या जंगलात भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या इतक्या हुबेहूब नकला करतो की ॲप पाच नावं दाखवतं आणि झाडावर बसलेला असतो एकटा तो. पुरावा म्हणून रेकॉर्डिंग असल्यावर वाद सोडवता येतो. रेकॉर्डिंग ठेवायचं कशाला, याचं हेही एक उत्तर.

काही नियम, काही सावधगिरी

पक्ष्याला त्याचाच आवाज स्पीकरवर ऐकवून जवळ बोलावणं बंद करा, विणीच्या काळात तर अजिबात नको. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं सोडून भांडायला येतो, आणि तेवढ्यात कावळ्याचं फावतं. चांदोली आणि कोयना मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय जाता येत नाही, रात्री तर नाहीच. नवशिक्याला तशी गरजही नाही. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर, मिरजेचा दंडोबा, गावचा पाझर तलाव, यांत पुष्कळ आहे.

कानाला हेडफोन लावले की तुम्हाला पन्नास मीटरवरचा बेडूक ऐकू येतो आणि पाठीमागचं काही येत नाही. कराड, शिराळ्याच्या बाजूला उसात बिबट्या असतो, पठारांवर गवा असतो, पावसाळ्यात बांधावर घोणस असते. तिन्हीसांजेला उसाच्या कडेला एकट्याने हेडफोन लावून बसू नये. पायात बूट, हातात बॅटरी, सोबत कुणीतरी. अनोळखी गावात रात्री टॉर्च आणि केसाळ माईक घेऊन फिरणार असाल तर आधी पोलीस पाटलांना सांगून ठेवा. नाहीतर पहिलं रेकॉर्डिंग गावकऱ्यांच्या चौकशीचं होईल.

जमलेलं घरात ठेवू नका. पक्ष्यांची यादी आणि आवाज ईबर्ड या संकेतस्थळावर चढवता येतात, तिथून ते कॉर्नेलच्याच मॅकॉले संग्रहात जातात. २००५ मध्ये सुरू झालेल्या झेनो-कँटो या आवाजांच्या संकेतस्थळावर आता पक्ष्यांबरोबर टोळ-रातकिडे, बेडूक आणि वटवाघळांचे आवाजही घेतात. बेडूक-किडे ओळखायला मदत हवी असेल तर आयनॅचरलिस्टवर टाका. चढवताना मूळ डब्ल्यूएव्ही द्या, ‘सुधारलेली’ नको. घुबडाच्या ढोलीची किंवा घरट्याची नेमकी जागा उघड करू नका, तालुका पुरे. आणि चढवण्याआधी फाईल एकदा पूर्ण ऐका. पहाटेच्या पाच मिनिटांत शेजारच्या गच्चीवरचं नवरा-बायकोचं बोलणं बेडकापेक्षा स्पष्ट आलेलं असतं, तेवढा भाग कापून टाका.